समजून घ्या : ओळखपत्रावरचा फोटो पाहून अनोळखी माणूस खरंच ओळखता येतो का?

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांनी दीड महिन्यात मतदान केलं. २ डिसेंबर २०२५ ला बदलापूर, २० डिसेंबरला अंबरनाथ आणि बदलापूरचे राहिलेले काही प्रभाग, १५ जानेवारी २०२६ ला उल्हासनगर. प्रत्येक शहराचं राजकारण वेगळं होतं, पण केंद्रात शिरल्यावर पहिल्या टेबलावर दिसणारं दृश्य सगळीकडे एकच. मतदार कार्ड पुढे करतो, टेबलामागची व्यक्ती कार्ड पाहते, चेहरा पाहते, यादीतला क्रमांक मोठ्याने वाचते आणि रांग पुढे सरकते.

मी बदलापुरात मतदान केलं. माझ्या कार्डावरचा फोटो कॉलेजच्या पहिल्या वर्षातला आहे. त्यात दाढी नाही, चष्मा नाही आणि वजन आजच्यापेक्षा बरंच कमी. टेबलावरच्या मॅडमनी दोनेक सेकंद पाहिलं आणि मान हलवली. बाहेर आल्यावर प्रश्न पडला, की त्या दोन सेकंदांत त्यांनी नेमकं काय जुळवलं असेल? आणि माझ्या जागी माझ्यासारखा दिसणारा दुसराच कुणी असता, तर त्यांना कळलं असतं का?

या प्रश्नावर मानसशास्त्रज्ञ गेली तीसेक वर्षं काम करत आहेत आणि त्यांचं उत्तर फारसं दिलासा देणारं नाही. अनोळखी चेहरा फोटोशी जुळवण्यात आपण समजतो त्याहून बरेच कच्चे आहोत. रोज हेच काम करणारी माणसंही त्याला अपवाद नाहीत.

हा प्रश्न आत्ताच का?

कारण या निवडणुकांत सगळ्यात जास्त ऐकू आलेला शब्द होता ‘बोगस मतदार’. मतदार याद्यांतल्या दुबार नावांवरून विरोधी पक्षांनी १ नोव्हेंबर २०२५ ला मुंबईत मोर्चा काढला होता. त्यानंतर राज्य निवडणूक आयोगाने संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारका छापायला सांगितल्या. असा ‘डबल स्टार’ मतदार केंद्रावर आला, तर त्याची ओळख काटेकोर तपासायची आणि दुसरीकडे मतदान केलं नाही, करणार नाही असं हमीपत्र घ्यायचं, असं ठरलं. अंबरनाथच्या मतदानाच्या दिवशी बाहेरून बोगस मतदार आणल्याचे आरोप झाले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. १५ जानेवारीला तर राज्यभरातल्या महापालिका मतदानात मार्कर पेनची शाई पुसली जात असल्याच्या तक्रारी आल्या.

शाईवर चर्चा झाली, याद्यांवर चर्चा झाली. पण या दोन्हींच्या मध्ये एक तिसरी पायरी असते, ती म्हणजे ‘ओळख काटेकोर तपासणं’. ही पायरी माणसाच्या डोळ्यांवर उभी आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोललं नाही.

चेहरा ओळखणं इतकं अवघड कसं? आपण तर रोज ओळखतो!

आपण रोज ओळखतो ते ओळखीचे चेहरे. ८.१२ च्या लोकलमधला आपल्या ग्रुपमधला मित्र मास्क लावून, पाठमोरा उभा असला तरी कळतो. अनोळखी चेहऱ्याचं काम मेंदू निराळ्या पद्धतीने करतो.

हा फरक दाखवणारा एक सुंदर प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. रॉब जेन्किन्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या लोकांना ४० फोटोंचा गठ्ठा दिला आणि सांगितलं, एका माणसाचे फोटो एका ढिगात ठेवा. फोटो प्रत्यक्षात दोनच स्त्रियांचे होते, प्रत्येकीचे २०. दोघीही नेदरलँड्समधल्या प्रसिद्ध व्यक्ती, पण ब्रिटनमध्ये अनोळखी. ब्रिटिश लोकांनी साधारण सात-आठ ढीग केले. म्हणजे त्यांना दोन स्त्रियांच्या जागी सात-आठ वेगवेगळ्या स्त्रिया दिसल्या. तोच गठ्ठा नेदरलँड्सच्या लोकांना दिला, तर त्यांनी सहज दोन ढीग केले.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. अशोक सराफ आणि सचिन पिळगावकर यांचे वेगवेगळ्या काळातले वीस-वीस फोटो तुमच्यापुढे टाकले, तर मिशी असो-नसो, केस काळे असोत वा पांढरे, तुम्ही मिनिटभरात वेगळे कराल. मराठी सिनेमा कधीच न पाहिलेल्या माणसाला हेच काम द्या. तो गोंधळेल, आणि त्यात त्याच्या डोळ्यांचा दोष नसेल.

याचं कारण असं, की एकाच माणसाचे दोन फोटो एकमेकांपासून खूप वेगळे असू शकतात. प्रकाश, कॅमेऱ्याचं अंतर, लेन्स, वय, वजन, हावभाव या सगळ्याने चेहरा बदलतो. ओळखीच्या माणसाचे हे सगळे बदल आपण आधी पाहिलेले असतात. अनोळखी माणसाचा मात्र आपल्याकडे एकच नमुना असतो, कार्डावरचा तो छोटा फोटो. मग मेंदू चेहरा सोडून चित्र जुळवायला लागतो. केसांची ठेवण सारखी आहे का, रंग सारखा वाटतो का, चेहऱ्याचा एकूण आकार जमतो का, एवढंच पाहिलं जातं.

प्रयोगांत किती चुका झाल्या?

तीन प्रयोग पाहू.

पहिला १९९७ चा, लंडनमधल्या एका सुपरमार्केटमधला. क्रेडिट कार्डावर फोटो छापला तर फसवणूक थांबेल का, हे रिचर्ड केम्प आणि सहकाऱ्यांना तपासायचं होतं. विद्यार्थी खरेदी करून काउंटरवर जात. काहींकडे स्वतःच्या फोटोचं कार्ड असे, काहींकडे दुसऱ्याच्या. प्रयोग सुरू आहे हे कॅशियरना ठाऊक होतं. तरीही दुसऱ्याचा फोटो असलेली अर्ध्याहून अधिक कार्डं स्वीकारली गेली. काही खऱ्या कार्डधारकांना मात्र परत पाठवण्यात आलं.

दुसरा प्रयोग म्हणजे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेली ग्लासगो फेस मॅचिंग टेस्ट. यात दोन फोटो शेजारी ठेवून विचारतात, माणूस एकच की दोन? फोटो काही मिनिटांच्या अंतराने, समोरून, चांगल्या प्रकाशात काढलेले, फक्त कॅमेरे दोन. वेळेची मर्यादा नाही. परिस्थिती याहून सोपी करणं कठीण. तरीही चाचणीच्या ४० जोड्यांच्या आवृत्तीत सरासरी अचूकता ८१ टक्क्यांच्या आसपास आली, म्हणजे पाचपैकी जवळपास एक जोडी चुकली. डोळे मिटून ‘हो-नाही’ म्हटलं तरी ५० टक्के उत्तरं बरोबर येतात, हे लक्षात घेतलं तर ८१ हा आकडा मोठा वाटत नाही.

तिसरा प्रयोग सगळ्यात महत्त्वाचा. २०१४ मध्ये डेव्हिड व्हाइट आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्ट कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनाच तपासलं. समोर खरा माणूस उभा, संगणकावर फोटो. दुसऱ्याचा फोटो असताना अधिकाऱ्यांनी १४ टक्के वेळा ‘हाच तो’ म्हटलं. फोटो खरा असताना ६ टक्के वेळा ‘हा तो नाही’ म्हटलं. नोकरीला एक वर्ष झालेला आणि अनेक वर्षं झालेला अधिकारी यांच्यात फरक दिसला नाही. अनुभवाने हे कौशल्य आपोआप वाढत नाही, कारण चूक झाली हे त्या अधिकाऱ्याला सहसा कधी कळतच नाही. निसटलेला माणूस परत येऊन सांगत नाही.

मग पोलिंग एजंट कशासाठी असतो?

याचसाठी! आपल्या निवडणूक पद्धतीत ही अडचण फार पूर्वीच गृहीत धरलेली आहे. मतदान अधिकारी बहुतेक वेळा बाहेरचा असतो. म्हणून नाव मोठ्याने वाचायचं आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींनी ऐकायचं, अशी पद्धत आहे. प्रतिनिधी त्याच भागातला असेल, तर कार्डाकडे न बघताच सांगतो, ‘हे पाटील काकाच आहेत’ किंवा ‘अहो, हे तर गेल्या वर्षी वारले!’

१९६१ च्या निवडणूक नियमांत त्यासाठी सोय आहे. लोकसभा-विधानसभेच्या मतदानात प्रतिनिधी दोन रुपये भरून एखाद्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप घेऊ शकतो. मग केंद्राध्यक्ष जागेवर चौकशी करतात, मतदाराला प्रश्न विचारतात, हजर असलेल्यांची साक्षही घेऊ शकतात. म्हणजे शेवटचा भरवसा फोटोवर नसून ओळखणाऱ्या माणसावर आहे.

मराठी इतिहासातलं सगळ्यात गाजलेलं तोतयाचं प्रकरणही हेच सांगतं. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ असल्याचा दावा करणारा एक जण उभा राहिला. १७७६ मध्ये रत्नागिरीच्या कैदेतून सुटल्यावर त्याने फौज जमवली आणि कोकणातला बराच भाग घेतला. ज्यांनी भाऊंना कधी जवळून पाहिलं नव्हतं, त्यांना तो भाऊ वाटू शकला. शेवटी तो पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. फोटो नसलेल्या काळात ओळख ठरायची ती माहीतगार माणसांच्या साक्षीवरच.

आता आपल्या तीन शहरांकडे बघा. जनगणनेनुसार कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजारांवर गेली. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण स्टेशनच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहिलेल्या टॉवरांची रांग सगळं सांगते. अंबरनाथ २०११ मध्येच अडीच लाखांच्या पुढे होतं, उल्हासनगर पाच लाखांच्या पुढे. उल्हासनगरच्या जुन्या कॅम्पांमधल्या गल्लीत एजंटला तीन पिढ्या ठाऊक असतील. पण ज्या सोसायटीतले लोक पहाटे लोकल पकडतात आणि रात्री नऊला परत येतात, तिथे शेजारच्या फ्लॅटचा चेहराही धड ठाऊक नसतो. एजंट तिथला असला तरी तो यादीत नावंच शोधत राहतो.

म्हणजे ज्या ‘ओळखीच्या डोळ्यां’वर ही पद्धत उभी होती, ते वाढत्या शहरांत कमी झाले. उरला तो फोटो, आणि फोटो तेवढा भार पेलू शकत नाही.

मग तपासणी कडक करा ना!

हे ऐकायला बरोबर वाटतं. पण थोडं गणित करू. इंजिनिअरिंगला सेन्सरबद्दल पहिला धडा हाच शिकवतात, की संवेदनशीलता वाढवली की खोटे अलार्म वाढतात.

समजा एका केंद्रावर ८०० खरे मतदार आले आणि १० तोतये. टेबलावर ऑस्ट्रेलियाच्या त्या पासपोर्ट अधिकाऱ्यांइतकाच अचूक आणि तितकाच कडक माणूस बसवला. १० तोतयांपैकी आठ-नऊ पकडले जातील, एक-दोन निसटतील. पण ८०० खऱ्या मतदारांपैकी ६ टक्के, म्हणजे ४८ जणांना ‘हा फोटो तुमचा नाही’ असं ऐकावं लागेल. अडवलेल्या ५६-५७ जणांत ४८ निर्दोष! हा केवळ अंदाज आहे, आपल्या केंद्रांचा प्रत्यक्ष आकडा नाही. पण कडकपणाची किंमत कोण मोजणार, हे त्यातून कळतं.

ती किंमत सगळ्यांना सारखी नसते. ज्यांचा फोटो जुना, काळा-पांढरा किंवा अंधुक आहे, त्यांच्यावर ती जास्त पडते. म्हातारी माणसं, आजारपणात खंगलेली माणसं, लग्नाआधीच्या फोटोवर मतदान करणाऱ्या बायका, दिवसभर उन्हात काम करणारे मजूर. म्हणूनच प्रत्यक्षात टेबलावरचा कर्मचारी शहाणपणाने शंकेचा फायदा मतदाराला देतो. पण तसं करताना तोतयाचंही फावतं. एक चूक कमी केली की दुसरी वाढते. फक्त डोळे वटारून हा पेच सुटत नाही.

आणखी काय आड येतं?

दोन गोष्टी. पहिली, कार्डाची चौकट. या क्षेत्रात झालेल्या प्रयोगांतून दिसलं, की तोच फोटो नुसता दाखवण्याऐवजी पासपोर्टच्या पानात बसवून दाखवला, तर लोक ‘जुळतो’ म्हणण्याकडे जास्त झुकतात. शिक्का, नाव, जन्मतारीख दिसली की मनात निम्मा निकाल लागलेला असतो.

दुसरी, सवय. सकाळपासून पाचशे माणसं आली आणि सगळी खरी निघाली, तर पाचशे एकावा खोटा असेल असं मनाला वाटत नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, न जुळणाऱ्या जोड्या क्वचितच येऊ लागल्यावर त्या निसटण्याचं प्रमाण वाढल्याचं आढळलं. त्यातून रांग लांब, पंखा बंद आणि मागून ‘लवकर करा’चा आवाज. लोकलमधला टीसी, परीक्षा केंद्रावरचे पर्यवेक्षक, सिम कार्ड देणारा दुकानदार, सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन, सगळ्यांची अवस्था हीच.

मशीनला दिलं तर?

काही प्रमाणात दिलंच आहे. अंबरनाथमध्ये ऑर्डनन्स फॅक्टरी आणि मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरीतून निवृत्त झालेली अनेक कुटुंबं राहतात. त्यांच्या घरी नोव्हेंबर म्हणजे हयातीच्या दाखल्याचा महिना. पूर्वी बँकेत जायचं आणि ओळखीच्या कारकुनापुढे उभं राहायचं. नोव्हेंबर २०२१ पासून केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना मोबाइलसमोर चेहरा धरून हा दाखला देता येतो. फोन तो चेहरा आधारच्या नोंदीशी ताडून पाहतो.

चांगल्या फोटोंवर आजची उत्तम सॉफ्टवेअर बहुतेक माणसांपेक्षा अचूक आहेत, हे खरं आहे. ती कंटाळत नाहीत आणि रांग पाहून घाबरत नाहीत. पण किती साम्य दिसलं की ‘जुळला’ म्हणायचं, ती रेघ कुणीतरी माणूसच आखतो. वरचं ४८ विरुद्ध दोनचं गणित मशीनमध्येही असतं, फक्त ते दिसत नाही. आणि मशीनने नकार दिला, की समोर वाद घालायला कुणी नसतं. घरातल्या आजोबांचा दाखला तीनदा ‘फेल’ झाल्यावर प्रकाश बदलून, चष्मा काढून पुन्हा प्रयत्न करणारी नातवंडं हे जाणतात.

२०१८ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनेत सगळ्यात चांगला निकाल कुणाचा आला? एकट्या मशीनचा नाही, दोन तज्ज्ञांच्या जोडीचाही नाही. एक तज्ज्ञ आणि एक चांगलं सॉफ्टवेअर यांचे निष्कर्ष एकत्र केले, तेव्हा.

मग उपाय काय?

संशोधनातून पुढे आलेले उपाय साधे आहेत आणि त्यातले बरेच आपल्याकडे पूर्वीपासून होते.

• खुणा पाहा, ‘एकूण चेहरा’ नको. केस, दाढी, वजन, रंग बदलतात. तीळ, व्रण आणि कानाचा आकार सहज बदलत नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांना असं दिसलं, की नेमकं कान आणि खुणा पाहायला काही मिनिटं शिकवलं तरी अचूकता वाढते. आपल्या जुन्या अर्जांमध्ये ‘शरीरावरील ओळखखूण’ असा रकाना असायचा आणि आपण ‘डाव्या गालावर तीळ’ लिहून हसायचो. तो रकाना शास्त्राला धरून होता.

• दोन जोड्या डोळे. दोन माणसांनी स्वतंत्रपणे पाहून मत दिलं, तर एकट्यापेक्षा निकाल चांगला येतो. शंका आली तर शेजारच्या सहकाऱ्याला दाखवणं हा कमीपणा नाही.

• चेहऱ्यासोबत प्रश्न. वडिलांचं किंवा पतीचं नाव, वय, घर क्रमांक, घरातल्या इतर मतदारांची नावं. खरा माणूस सहज सांगतो आणि त्याचा अपमानही होत नाही.

• योग्य माणसाची निवड. चेहरे जुळवण्याची क्षमता माणसागणिक खूप वेगळी असते. काहींना ती उपजत जबरदस्त असते. संशोधक त्यांना ‘सुपर रेकग्नायझर’ म्हणतात आणि लंडनच्या पोलिसांनी अशा लोकांचं पथकही केलं होतं. जिथे रोज हेच काम आहे, तिथे चाचणी घेऊन माणसं निवडता येतात.

• आपला वाटा. आधार आणि मतदार कार्डावरचा फोटो दहा-पंधरा वर्षांचा झाला असेल तर बदलून घ्या. आणि स्टुडिओवाल्याला एक गोष्ट नक्की सांगा, ‘तीळ पुसू नका, चेहरा गोरा करू नका.’ पासपोर्ट साइज फोटो गुळगुळीत करून देताना तो तुमची सगळ्यात भरवशाची ओळख पुसत असतो.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत देऊन गेलं असेल तर?

परत फिरू नका. लोकसभा-विधानसभेच्या मतदानात नियम ४९-पी नुसार तुमची ओळख पटल्यावर केंद्राध्यक्ष तुम्हाला मतपत्रिका देतात. याला ‘प्रदत्त मत’ किंवा ‘टेंडर व्होट’ म्हणतात. ते पाकिटात वेगळं ठेवलं जातं. नेहमीच्या मोजणीत ते धरलं जात नाही, पण निकाल न्यायालयात गेला तर त्याची नोंद कामी येऊ शकते. दुसऱ्याच्या नावाने मतदान करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १७२ नुसार गुन्हा आहे. कलम १७४ नुसार त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

शेवटी, एक छोटी चाचणी

तुमचं मतदार कार्ड काढा. त्यावरचं नाव बोटाने झाका आणि तुमच्या घरी कधीच न आलेल्या, तुमच्या ऑफिसातल्या एखाद्या नव्या सहकाऱ्याच्या हातात द्या. सोबत तुमच्या भावाचा किंवा चुलतभावाचा त्याच वयातला फोटो ठेवा. विचारा, यातला मी कोणता?

मी हे करून पाहिलं. डेस्कवरच्या चौघांपैकी दोघांनी माझ्या मावसभावाकडे बोट दाखवलं. मी समोरच बसलो होतो. ते दोघं रोज बातम्यांसोबत जाणारे फोटो तपासतात, घाईत नव्हते आणि त्यांच्यामागे रांगही नव्हती. बदलापूरच्या त्या केंद्रावर मॅडमकडे माझ्यासाठी दोनच सेकंद होते.